मरळीची लाल पिल्लं

मी आयुष्यात एकदा सूड घेतलेला आहे. रागाच्या भरात नव्हे, चांगला विचार करून आणि तीन महिने दम धरून. म्हातारी माणसं आठवणी लिहायला बसली की आपण कुणाकुणाला कशी माफी दिली तेच लिहितात. मला ते जमायचं नाही. ज्याचा सूड घेतला तो माणूस जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याचा विषय निघाला की अजून माझी कानशिलं तापतात. का तापतात, ते कळायला आधी माशांबद्दल थोडं ऐकून घ्यावं लागेल.

आमचं घर भातवाल्यांचं, माणगावच्या बाजूचं. समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या चालीवर. पावसाळ्यात खाचरं भरली की ओहोळातले मासे वर शेतात चढत, आणि आम्ही मुलं बांधावर बसून पंच्याने ते धरत असू. कुठला मासा कुठल्या पाण्यात असतो, कोण कोणाला खातं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. पुढे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालो आणि मास्तर झालो. एकोणीसशे तीस उलटून एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा माझी बदली बोर्ली पंचतनच्या पलीकडे, अगदी किनाऱ्यावरच्या एका शाळेत झाली. शाळा दोन मास्तरांची. एक हेडमास्तर आणि दुसरा मी.

हेडमास्तर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला ‘तुमी’ म्हणायचो. इथे ‘तो’ लिहितो आहे, तेवढं समाधान मला असू द्यावं. त्याचं घर दर्यावाल्यांचं. बापाची होडी, दोन भाऊ जाळ्यावर, आई सुकी मासळी घेऊन बोर्लीच्या बाजाराला जाणारी. वस्तीतला पहिला शिकलेला माणूस तो. त्याचं कौतुक सगळ्या गावाला होतं, आणि सगळ्यांत जास्त त्याला स्वतःला होतं. मासळीतलं मात्र त्याला खरंच कळायचं. पाटीवरचं फडकं न काढता नुसत्या वासावरून आत काय आहे ते सांगायचा. पण ही विद्या खाऱ्या पाण्यापाशी संपत होती. त्यांच्या आळीत गोड्या पाण्यातला मासा कुणी खात नसे, घरात आणत नसे, त्याची चौकशीही करत नसे. ‘चिखलातलं’ म्हणायचे आणि नाक मुरडायचे. मी सुट्टीवरून परत आलो की हेडमास्तर वर्गात सगळ्यांसमोर विचारायचा, "काय मास्तर, चिखलातलं खाऊन आलास काय?" मुलं हसायची. मीही हसायचो, कारण धाकट्याने हसायचं असतं.

आम्ही दोघेही अनट्रेंड. म्हणजे ट्रेनिंग कॉलेजात जाऊन न आलेले. त्या वर्षी बातमी होती की अनट्रेंड मास्तर कमी करणार, आणि कमी करायचे म्हटल्यावर धाकट्यावर आधी कुऱ्हाड पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आमच्या भागातून वर्षाला एकाच मास्तराचं नाव ट्रेनिंगला जायचं, आणि ते नाव दिपोटीसाहेब ठरवायचे. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. त्यांच्या नजरेत भरलो तर मास्तरकी टिकणार, नाहीतर मी पुन्हा घरी, नांगरामागे. माझ्या बापाला त्यात काही वावगं वाटलं नसतं. मला मात्र ते मरणासारखं वाटत होतं.

शाळेत निसर्गपाठ म्हणून विषय होता. पानं चिकटवायची, रिकामी घरटी आणून ठेवायची, असलं काहीतरी. माझ्या मनात आलं की या मुलांना मासा म्हणजे पाटीतला, मेलेला, खवलं निघालेला. जिवंत मासा पाण्यात कसा वळतो, कसा झोपतो, हे होडीवर जाणाऱ्यांच्या मुलांनीही पाहिलं नव्हतं. शाळेच्या मोडक्या कपाटाच्या काचा पडून होत्या. बोर्लीच्या बाजारातल्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडून मी चौकट करून घेतली, फटी बुजवायला होडीवाल्यांकडून राळ आणि तेल आणलं. दीड हात लांब आणि हातभर उंच अशी पेटी तयार झाली. तीन वेळा गळली, चौथ्यांदा तिने पाणी धरलं.

हेडमास्तर कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, "दर्याच्या पोरांना डोंगरातला मानूस मासं दाखवतोय. ठेव तिकडं पान्याच्या पिंपाजवळ. पानी सांडलं तर तू पुसायचं."

मी पुसलं. कितीतरी वेळा पुसलं.

सुरुवातीला मी रंग बघून मासे आणले, तसं कुणीही केलं असतं. खाडीकडच्या ओढ्यातून चपटे पिवळे मासे आणले, ओहोळातले खवली नावाचे चांदीसारखे मासे आणले, निळ्या-पिवळ्या रेघांचे चपळ मासे आणले, आणि शोभेला शेतातला एक खेकडाही सोडला. खेकड्याने दुसऱ्याच दिवशी दोघांचा फराळ केला. चौथ्या दिवशी पिवळ्या माशांचं एक जोडपं जमलं, त्यांनी अर्धी पेटी बळकावली आणि बाकीच्यांना कोपऱ्यात काचेला चिकटवून ठेवलं. एक खवली एकटीच वाचली होती, ती रेघवाल्यांच्या शेपट्या कुरतडत सुटली. आठवड्याने पेटीत शेवाळ आणि दुर्गंधी एवढंच उरलं.

मग मी वर्षभर नीट शिकलो. घर लहान असलं की शेजारी पारखून घ्यावे लागतात. मासा निवडताना आधी त्याचं तोंड बघायचं, मग रंग. ज्याच्या तोंडात दुसरा मावेल, त्याला दुसऱ्याजवळ ठेवायचं नाही. खवली एकटी असली की कुरापती काढते, पण सहा एकत्र सोडल्या तर आपापसांत शिवाशिवी खेळतात आणि परक्याच्या वाटेला जात नाहीत. ज्यांची जोडी जमते आणि जे जागेवर हक्क सांगतात, ते लहान पेटीत नकोत, कितीही देखणे असले तरी. पिकू नावाचा बोटाएवढा मासा असतो, त्याच्या कपाळावर चमकता टिकला असतो. तो पाण्याच्या वरच्या थरातच राहतो, मात्र उडी मारतो, म्हणून पेटीवर जाळ्याचा तुकडा बांधावा लागतो. मधल्या थरात खवल्या आणि निळ्या रेघवाले. तळाशी वाळूत तोंड खुपसून बसणाऱ्या पट्टेरी मुऱ्या, त्या सांडलेलं खाऊन तळ साफ ठेवतात. तिघांची तीन घरं, त्यामुळे भांडण नाही. खायला पिंपातल्या डासांच्या अळ्या, त्याही मोजक्या. पाणी एकदम बदलायचं नाही, तिसरा हिस्सा काढायचा आणि उन्हात ठेवलेलं तेवढंच घालायचं.

एवढं कळायला मला एक पावसाळा, एक उन्हाळा आणि शंभरेक मासे लागले. पण दुसऱ्या पावसाळ्यात ती पेटी अशी काही जमली की मुलं सुट्टी झाली तरी हलायची नाहीत. सकाळचं ऊन तिरपं आत आलं की निळ्या रेघा पेटायच्या आणि खवल्यांच्या कुशीला तांबूस झाक यायची. मी ‘आधी तोंड बघा, मग रंग’ असं मुलांना शिकवायचो, आणि हेडमास्तर दारातून म्हणायचा, "आता माशाची पत्रिका पन बघ."

गणपती झाल्यावर दिपोटीसाहेब तपासणीला आले. पाढे ऐकले, कविता ऐकल्या, आणि जाता जाता पिंपाजवळ थबकले. चष्मा पुसून वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"हे कोणी केलं?"

मी फळ्याजवळ खडू घेऊन उभा होतो. ज्या क्षणासाठी मी वर्षभर पाणी पुसलं तो हाच होता. हेडमास्तर एक पाऊल पुढे झाला.

"मीच केलं, साहेब. दर्यावाल्याच्या घरातला मी. मासा आमच्या रक्तातच आहे."

"भांडत नाहीत एकमेकांत?"

"नाही साहेब. निवड तशी करावी लागते. आधी तोंड बघायचं, मग रंग."

माझंच वाक्य. शब्द न शब्द माझा. पेटी चोरली त्याचा राग आला, पण वाक्य चोरलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलं माझ्याकडे बघत होती. साहेबांपुढे धाकट्या मास्तरने वरच्याला खोटं पाडायचं, हे त्या काळात कुणाच्या स्वप्नातही येत नसे, आणि मी तर भित्राच होतो. मी खडू हातात फिरवत राहिलो. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मी त्या दिवशी सगळ्या वर्गाबरोबर बघितलं.

साहेब खूश झाले. म्हणाले, "ट्रेनिंगसाठी तुमचंच नाव धाडतो. आणि दसऱ्यानंतर आमच्या बंगल्यावर या. मुंबईहून काचेची तयार पेटी आणली आहे, ती रिकामी पडली आहे. मंडळींना लाल मासे हवे आहेत. जमेल?"

"का नाही जमणार, साहेब."

साहेबांची गाडी गेल्यावर मी तोंड उघडलं. "हेडमास्तर, पेटी मी केली हुती."

"अरे, शाळंचं ते हेडमास्तरचंच की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चोरी नव्हती, लाज तर नव्हतीच. "तुझं नाव सांगून साहेबाला काय कळनार हुतं? पुढल्या साली तुझं बघू. आन् बंगल्यावरच्या पेटीला मासं तूच आन. लाल पायजेत, ध्यानात ठेव."

पुढल्या साली मी नांगरामागे असणार होतो. हे त्यालाही ठाऊक होतं. त्या दिवशी मी त्याच्यावर डूख धरला.

आता आमच्या पाण्यात अखंड लाल मासा नाही. खवलीला झाक असते, कुणाच्या कल्ल्याला तांबूस कड असते, पण नखशिखांत लाल असं एकच काही असतं. ती मरळीची पिल्लं. मरळ हा गोड्या पाण्यातला सर्वांत हावरट मासा. हातभर वाढतो, कोरड्या जमिनीवर सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. पण तिची पिल्लं सुरुवातीला गुंजेसारखी लाल असतात. शेकड्यांनी एकत्र वर येतात तेव्हा पाण्यात कुणी तांबडं फडकं हलवतंय असं वाटतं. तोंड इवलंसं, स्वभाव गरीब. महिना-दीड महिन्यात तो रंग उतरतो, अंग काळपट होतं, तोंड कानापर्यंत फाटतं, आणि मग समोर येईल ते गिळायला लागतात. दुसरं काही नसलं तर भावंडं. भाताच्या गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. दर्याकाठच्या शहाण्याला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दसऱ्याच्या आधी मी गावी गेलो. तळ्यात एक उशिराची मरळ पिल्लं घेऊन फिरत होती. आमच्या गावात पिल्लांवाल्या मरळीला कुणी हात लावत नाही. घरात बाळंतीण असो, तापातून उठलेलं माणूस असो, मरळीचं कालवण कितीही हवं असलं तरी पिल्लं सुटी होईपर्यंत थांबतात. मी गुडघाभर पाण्यात पंचा पसरून उभा होतो तेव्हा बाप बांधावर आला.

"काय करतोस रं?"

"शाळंला पायजेत."

"ती मरळीची हायती. सोड. तिचा तळतळाट घिऊ नको."

"सोडतो," म्हणालो. तो वळणापलीकडे गेल्यावर तीस-चाळीस पिल्लं कळशीत घेतली. मरळ माझ्या पायांभोवती फिरत होती, एकदा तिने नडगीला धडकही दिली. मला वाईट वाटलं. या सबंध प्रकरणात मला वाईट वाटलं ते तेवढंच, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

शाळेत परत आल्यावर मी हेडमास्तरपुढे दोन कळश्या ठेवल्या. हे मी मुद्दाम केलं. एका कळशीत माझी पारखलेली मंडळी होती, सहा खवल्या, निळ्या रेघवाले, पिकू, मुऱ्या. जन्मभर सुखाने नांदली असती. दुसऱ्या कळशीत थोड्या खवल्या आणि ती लाल पिल्लं. मला ठाऊक होतं तो कुठे हात घालणार, पण हात त्याने घालायला हवा होता.

तो दुसऱ्या कळशीवर वाकला आणि वाकलेलाच राहिला. ऊन पडलं होतं, पिल्लं निखाऱ्यासारखी दिसत होती.

"ही कुठली रं?"

"आमच्या तळ्यातली."

"तोंड बघ किती बारीक." माझंच शास्त्र मला शिकवत होता. "नांदतील ना बाकीच्यांत?"

"आठ दिवस ठेवून बघा की शाळंत."

आठ दिवस ठेवून बघितली. नांदली. नांदणारच होती. त्याने पहिल्या कळशीतले पिकू ‘मळकट दिसतात’ म्हणून नको म्हटले, मुऱ्या ‘गांडुळं’ म्हणून नको म्हटल्या, रेघवाले तेवढे घेतले आणि लाल पिल्लं होती तेवढी सगळी घेतली. "हीच न्यायची. साहेब खूश व्हईल." मी मान डोलावली.

दसऱ्यानंतर दर्या शांत झाल्यावर तो आगबोटीने जिल्ह्याच्या गावी गेला, कळशी मांडीवर धरून. परत आला तो चार बोटं उंच होऊन. बाईसाहेबांनी पेटी दिवाणखान्यात ठेवली, साहेबांच्या मित्रांनी नावाजली, साहेबांच्या आईने सुद्धा लांबून बघितली, आणि त्या तर कडक सोवळ्याच्या. तो वर्गावर माशांचे पाठ घ्यायला लागला. ‘मी पेटी केली तेव्हा’ अशी सुरुवात करायचा. ‘पहिल्यांदा खेकडा सोडला ती माझी चूक झाली’ हेसुद्धा सांगायचा. माझ्या चुकासुद्धा त्याने घेतल्या होत्या. मी मागच्या बाकावर पोरांच्या पाट्या तपासत ऐकायचो आणि मनात दिवस मोजायचो.

त्या दोन-तीन महिन्यांत मी कधी नव्हे इतका आनंदात होतो. खोटं कशाला बोलू? पाढे म्हणवून घेताना मला डोळ्यांसमोर ती तोंडं हळूहळू फाटताना दिसायची. जेवण गोड लागायचं. झोप गाढ लागायची. कुणाचं वाईट चिंतल्याने माणूस झुरतो असं म्हणतात. माझं वजन वाढलं.

दिवाळी झाली आणि साहेबांचं पहिलं पत्र आलं. हेडमास्तर माझ्याजवळ येऊन सहज विचारल्यासारखं म्हणाला, "थंडीत खवल्या लपतात काय रं?"

"लपतात."

पंधरवड्याने दुसरं पत्र. "लाल मासं काळं पडाया लागलं म्हनून लिवलंय."

"थंडीनं व्हतं तसं."

तिसरं पत्र त्याने मला वाचून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढचं मला साहेबांच्या शिपायाने सांगितलं. तो आमच्या बाजूचा, भातवाला. पौषात शाळेची कागदपत्रं घेऊन आला आणि माझ्याबरोबर जेवायला बसला. पेटीतले रेघवाले आणि खवल्या केव्हाच संपल्या होत्या. मग लाल पिल्लांनी एकमेकांना खायला सुरुवात केली. शेवटी एकच उरला, वीतभर लांब आणि पोट सुटलेला. एके दिवशी भर दुपारी त्याने उडी मारली, दिवाणखाना ओलांडला, आणि साहेबांच्या आई पूजेला बसल्या तेव्हा पाटाखालून वळवळत बाहेर आला. म्हातारीने तीन वेळा अंघोळ केली आणि देवघर धुऊन काढलं. माळ्याने बघताक्षणी सांगितलं, ही तर मरळ. शिपाई हे सांगत असताना मला घास गिळवेना, इतकं हसू आलं होतं.

"मग हेडमास्तरला बोलावनं गेलं," शिपाई म्हणाला. "मी दारातच हुतो. साहेबांनी इचारलं, हे मासे निवडले कुणी? तो म्हनला, मीच. साहेबांनी पुन्हा इचारलं, दुसऱ्या कुनी आनून दिले असतील तर सांगा. तो म्हनला, न्हाय साहेब, निवड माझीच."

इथे मी जेवायचा थांबलो. माझ्या नावावर ढकलील अशी माझी खात्री होती, आणि त्यावरचं उत्तरही मी तयार ठेवलं होतं. पण मग लक्षात आलं की तो ढकलणार कसा? एकदा ‘मीच’ म्हणून बसला होता. आता ‘तो’ म्हणायला तोंड कुठे होतं? मी खणलेला खड्डा मला वाटला होता त्याहून खोल निघाला. साहेब म्हणाले म्हणे, ज्याला मरळीचं पिल्लू ओळखता येत नाही तो निसर्गपाठ काय कपाळ शिकवणार. ट्रेनिंगच्या कागदावरचं त्याचं नाव खोडलं आणि त्याच शाळेतल्या धाकट्याचं, म्हणजे माझं, घातलं. शिवाय पुढल्या सालापासून शाळेवर ट्रेंड हेडमास्तर येणार आणि हा त्याच्या हाताखाली दुय्यम, असाही हुकूम झाला. तो हुकूम शिपायाने माझ्यासमोरच त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, घडी घातली, आणि मुलांना शुद्धलेखन घालायला गेला. करावं तसं भरावं, मी मनात म्हणालो, आणि दिवसभर म्हणतच राहिलो.

सगळं मनासारखं झालं होतं. मास्तरकी वाचली होती, जागा मिळाली होती, तो तोंडघशी पडला होता. तरी जसजसे माझे जायचे दिवस जवळ येऊ लागले तसतसं मला काहीतरी टोचू लागलं. त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं नशीब फिरलं, आपला अंदाज चुकला. ज्याला लागलं त्याला कुणी मारलं हेच माहीत नसेल, तर त्या सुडाचं मी करायचं काय? त्याच्या डोळ्यांत मला बघायचं होतं की हे मी केलं. निदान हे तरी मी केलं.

वैशाखात, निघायच्या दिवशी, मी त्याच्या घरी गेलो. आळीत बांबूंवर बोंबील वाळत होते. तो ओट्यावर जाळं सांधत बसला होता, त्याची आई शेजारी सुपात जवळा निवडत होती.

"हेडमास्तर, एक सांगायचंय. ती लाल पिल्लं मरळीची हुती."

"आता ठाव हाय ते."

"मला तवाच ठाव हुतं. मी मुद्दाम आनली. पेटी माझी हुती, तुमी साहेबाला तुमची म्हनून सांगितलीत, म्हनून आनली."

त्याने जाळं बाजूला ठेवलं. मी वाट बघत होतो. शिवी येईल, हात उगारेल, काहीही चाललं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नको रं मास्तर," तो म्हणाला. "माझी चूक तू अंगावर घिऊ नको."

"चूक न्हाय. सूड घेतला मी."

"दोन कळश्या हुत्या. मीच म्हनलं ही घ्यायची. तू तर दुसरी पन ठिवली हुतीस समोर. पेटी पयल्यापासून मी लावली, पारख माझी, चुकलो मी. तुला काय कळतंय त्यातलं? तू बिचारा पानी पुसायचास." मग आईकडे वळून म्हणाला, "आये, बघ. जाता जाता माझं दुख हलकं कराया आलाय. असा मानूस गावनार न्हाय."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने सांगितलं. तळ्याचं सांगितलं, बापाचं सांगितलं, थंडीत खवल्या लपतात हे खोटं होतं तेही सांगितलं. आवाज ऐकून शेजारची माणसं जमली. तो त्यांना समजावत होता की मास्तर माझ्यासाठी स्वतःवर आळ घेतोय. म्हातारी उठली, तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि पदराखालून सुक्या मासळीची पुडी काढून माझ्या पिशवीत कोंबली.

बैलगाडी निघाली तेव्हा अर्धी आळी मला पोचवायला आली होती. मी गाडीतून वाकून एकेकाला सांगत होतो की मी ते जाणूनबुजून केलं, आणि ती माणसं मला हात जोडत होती.